जहाजाची वेळ

गोळ्यांची डबी बेसिनमध्ये पडली तेव्हा मी आरशासमोर केस विंचरत होते. जहाज त्या संध्याकाळी जरा जास्तच डुलत होतं. मला गोळी काढायला सोपं पडावं म्हणून आमच्या ह्यांनी डबीचं झाकण काढून ती नळाशेजारी ठेवली होती आणि नळ चालू होता. मी जाऊन हात घातला तोवर निम्म्या गोळ्या भोकातून गेल्या होत्या आणि उरलेल्यांचा पांढरा चिखल झाला होता. दोन तेवढ्या कोरड्या सापडल्या, काठावर अडकल्या म्हणून.

मग मी बोलले. मी बोलायला लागले की मोजूनमापून बोलत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. बाकीचं जाऊ दे, पण एक वाक्य असं बोलले की आजही आठवलं तरी जीभ चावावीशी वाटते. मी म्हणाले, "तुमच्या हातून जन्मात एक गोष्ट धड झाली नाही."

ज्या माणसाने चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून मोहरीएवढे स्क्रू फिरवले, त्याला मी हे म्हणाले. आमचे हे घड्याळजी. त्यांनी कानातलं ऐकायचं मशीन काढलं, त्याच्या डबीत ठेवलं आणि डबीचं झाकण नीट लावलं. भांडण संपवायची त्यांची ही पद्धत आहे. मशीन काढलं की त्यांना शेजारी ढोल वाजला तरी कळत नाही.

त्या गोळ्या साध्यासुध्या नव्हत्या. ह्यांच्या हृदयाचे ठोके ताळ्यावर ठेवणारी गोळी, सकाळी आठला एक, रात्री आठला एक. दोन वर्षांपूर्वी दोन दिवस चुकली तर दुकानातच कोसळले होते, समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना. आणि खरं सांगायचं तर सगळा दोष त्यांचा नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी सगळी पाकिटं फोडून सगळ्या गोळ्या एकाच डबीत मीच भरल्या होत्या. का, तर बॅगेत जागा कमी लागते. आता मला कोणी विचारलं की मोठ्या जहाजाच्या सफरीला जाताना काय करावं, तर मी आधी हेच सांगते. कपडे कमी न्या, औषधं दुप्पट न्या, पाकिटं फोडू नका, आणि अर्धी एका पिशवीत, अर्धी दुसऱ्या पिशवीत ठेवा. पण हे शहाणपण मला नंतर सुचलं.

जहाजावर दवाखाना होता, डॉक्टर होता. भला माणूस, माझ्या मोडक्या इंग्रजीवर त्याने भागवून घेतलं. त्याने सगळी कपाटं उघडून पाहिली, पण नेमकी ती गोळी त्याच्याकडे नव्हती. त्याने कागदावर औषधाचं नाव लिहून दिलं आणि सांगितलं, उद्या बंदर आहे, तिथे कुठूनही मिळवा. एक वेळ चुकली तर मी सांभाळून घेईन, दोन दिवस चुकली तर माझ्या हातात काही नाही. उद्याच्या बंदरानंतर सहा दिवस नुसतं पाणीच होतं.

त्या रात्री मला झोप येणं शक्य नव्हतं. काहीतरी हातात हवं म्हणून मी दुसऱ्या दिवसाचा कागद घेऊन बसले. जहाजावर रोज संध्याकाळी केबिनमध्ये एक कागद येतो. उद्या किती वाजता कुठे पोचणार, जेवण कधी, परत कधी यायचं, खाली बंदरावरच्या जहाजाच्या माणसाचा फोन नंबर. मी तो कागद पेन घेऊन वाचायचे आणि जे काम झालं त्यापुढे बरोबरची खूण करायचे. नोकरीची सवय. बस डेपोत मी अठ्ठावीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. गाडी सुटल्याशिवाय गाडी सुटल्याची खूण मी कधी केली नाही, भले वरून साहेबाचा फोन येऊ दे. डेपोत पाठीमागे मला मिनिटबाई म्हणायचे. मला ते आवडायचं, पण तसं मी दाखवत नसे.

त्या रात्रीच्या कागदावर लिहिलं होतं, घड्याळं एक तास मागे करावीत. समुद्रात मावळतीकडे जात राहिलं की दर दोन-चार दिवसांनी असं करावं लागतं. मी मनगटावरचं घड्याळ काढलं, काटा एक तास मागे घेतला, कागदावर खूण केली आणि घड्याळ आरशाखाली ठेवून दिलं. ह्यांना सांगितलं नाही. सांगणार कसं? ते भिंतीकडे तोंड करून निजले होते आणि मशीन डबीत होतं.

आता सकाळी काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुमचा गोंधळ होणार नाही. माझं घड्याळ चावीचं आहे, ह्यांनीच लग्नात दिलेलं. लग्न झाल्यापासून रोज सकाळी मी आंघोळीला गेले की हे त्याला चावी देतात आणि वेळ लावून ठेवतात. एक दिवस चुकलेला नाही. जहाजावर याआधी तीनदा तास मागे झाला तेव्हाही त्यांनीच सकाळी काटा फिरवला होता. तास मागे व्हायचा असला की जेवणघराच्या दारावर पाटी लागायची, ती त्यांनी आदल्या दिवशीच वाचली होती. त्यांचं स्वतःचं घड्याळ मात्र घरच्या वेळेवर. ते बदलायला तयारच नव्हते. त्यामुळे ताडून बघायला त्यांच्यापाशी दुसरं घड्याळ नव्हतं. त्या सकाळी मी आंघोळीला गेले, ह्यांनी चावी दिली, आणि नेमाने काटा एक तास मागे घेतला.

मी बाहेर आले ती औषधाच्या काळजीतच. त्यांना सकाळची गोळी दिली, ती शेवटची. पाय सुजले होते म्हणून उतरू नका असं त्यांना खुणेनेच सांगितलं, मशीन अजून डबीतच होतं. आमच्या दोघांत एकच मोबाईल, तो त्यांच्या उशाशी ठेवला. बाहेरच्या देशात फोनचं बिल डोळे पांढरे करतं असं जावयाने बजावलं होतं. घड्याळ न बघताच मनगटावर बांधलं, गळ्यात जहाजाचं निळं कार्ड अडकवलं आणि निघाले. तो कागदही टेबलावरच राहिला. आदल्या रात्रीचं कोणीच काढलं नाही. ते नुसते म्हणाले, "सावकाश जा." मी नुसती मान हलवली.

उतरायला लांबच लांब रांग होती. शिडीपाशी पाटी होती, साडेचारपर्यंत परत या, जहाज पाचला सुटेल. ती मी दोनदा वाचली. पारपत्र जहाजाच्याच तिजोरीत होतं, ते सगळ्यांचंच असतं.

बंदराबाहेरच्या पहिल्या औषधाच्या दुकानात गोळी नव्हती. दुसऱ्यातही नव्हती. दुसऱ्या दुकानदाराने हाताने दाखवलं, वर जा, गावात. गाव टेकडीवर होतं. बस मिळाली, तिने चांगला अर्धा तास चढण चढवली. तिसरं दुकान मोठं होतं, काचेची दारं, पांढऱ्या कोटातली एक बाई. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. पण डॉक्टरचा कागद तिने वाचला, मशीनवर काहीतरी पाहिलं, फोन लावला आणि मला बाकडं दाखवून बस म्हणाली. गोदामातून मागवलं असावं. कधी येईल विचारलं तर तिने बोटं नाचवली. तेव्हा मी पहिल्यांदा मनगटाकडे पाहिलं. सव्वाबारा.

तिच्या भिंतीवरच्या घड्याळात सव्वा वाजला होता. आणि मी, अठ्ठावीस वर्षांची वाहतूक नियंत्रक, त्या घड्याळाकडे बघून मनात हसले. कारण मागच्याच बंदरात असं झालं होतं. तिथे गावाची वेळ एक होती आणि जहाजाची दुसरी. जहाज स्वतःची वेळ धरून चालतं, गावाच्या घड्याळाशी त्याला काही देणंघेणं नसतं. आमच्या शेजारच्या केबिनमधलं जोडपं गावातलं घड्याळ बघून फसलं, धापा टाकत कसंबसं शिडीवर पोचलं, आणि मी त्यांना जेवणाच्या टेबलावर अर्धा तास ऐकवलं की बंदरावर उतरल्यावर फक्त जहाजाची वेळ मानायची. सगळ्या टेबलाने माना डोलावल्या होत्या. तर आता भिंतीवरचं घड्याळ तासभर पुढे दिसलं तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

मी बाकड्यावर बसून राहिले. माणसं येत होती, खोकल्याचं, गुडघ्याचं घेऊन जात होती. दर वेळी दार उघडलं की मी उठून बघायचे. सारखं डोक्यात रात्रीचे आठ. ह्यांच्या अंगातली सकाळची गोळी तोवरच पुरणार. गोळी नाही मिळाली तर दोघांनाही उतरावं लागेल, सामान आणावं लागेल, ह्या अनोळखी गावात दवाखाना शोधावा लागेल. लेकीला काय सांगायचं? तिने आणि जावयाने वर्षभर काटकसर करून आमची तिकिटं काढली होती. आणि मी काल जे बोलले ते त्यांच्या मनात घोळत असणार. माझ्याही घोळत होतं.

माझ्या घड्याळात अडीच होत आले तशी पांढऱ्या कोटातली बाई काउंटरमागून बाहेर आली. तिने माझ्या गळ्यातल्या कार्डावरच्या जहाजाच्या चित्रावर बोट ठेवलं, मग भिंतीवरच्या घड्याळावर, मग खाली समुद्राकडे. दोन बोटं हवेत पळवून दाखवली. तिच्या डोळ्यांत खरी काळजी होती. मी तिला माझं मनगट दाखवलं, मान हलवली, आणि लहान पोराला समजवावं तसं सावकाश सांगितलं की जहाजाची वेळ वेगळी असते. ती मग आत गेली आणि फोनवर कोणाला तरी जोरजोरात झापायला लागली. माझ्यासाठीच झापत होती, हे मला आज कळतं.

दहा-पंधरा मिनिटांत एक माणूस स्कूटरवरून पुडकं घेऊन आला. तीच गोळी, तीच ताकद, तीन वेळा ताडून पाहिलं. दोन महिन्यांच्या घेतल्या. माझ्या जिवात जीव आला. त्या बाईने मला जवळजवळ ढकलतच दाराबाहेर काढलं आणि मला ते जरा उद्धट वाटलं.

माझ्या घड्याळात पावणेतीन. म्हणजे माझ्या हिशेबाने पावणेदोन तास हातात. खरे वाजले होते पावणेचार. तेव्हा निघाले असते तरी आरामात पोचले असते. पण समोर चपलांचं दुकान दिसलं. ह्यांचे पाय सुजलेले, जुनी चप्पल चढत नव्हती. म्हटलं, काल इतकं तोडून बोलले, एक मऊ चप्पल तरी न्यावी. माफी मागणं मला जमत नाही, चप्पल आणणं जमतं. त्या दुकानात मी एक पट्टा ओढून बघ, दुसरा ओढून बघ, असं करत आरामात अर्धा तास घालवला.

चप्पल घेऊन उतारावरून बसच्या थांब्याकडे निघाले, आणि चौकात आले तशी मला कसंतरी झालं. आधी कळेना काय ते. सकाळी तिथे जहाजाच्या प्रवाशांना फिरवणाऱ्या आठ-दहा बस उभ्या होत्या, निळ्या कार्डांची ही गर्दी. आता एकही निळं कार्ड नव्हतं. दोनच बस होत्या, दारं बंद करून लावलेल्या, आणि चालक खाली उतरून कठड्यावर बसून खात होते. एकाने शर्टाचं वरचं बटण सोडलं होतं. डेपोत जन्म गेलाय माझा. चालक असा बसतो तो शेवटची फेरी करून आल्यावर, मधल्या फेरीत नाही.

मी मनगटाकडे पाहिलं. सव्वातीन. मग शेवटची फेरी कशी झाली? मी त्या चालकाकडे जाऊन कार्ड दाखवलं. तो खायचा थांबला. त्याने स्वतःच्या मोबाईलवरची वेळ माझ्यापुढे धरली, चार वाजून सतरा मिनिटं, आणि जहाजाच्या दिशेने हात करून त्याच मोबाईलवर बोट आपटलं. म्हणजे गावाची वेळ आणि जहाजाची वेळ आज एकच होती.

मग सगळं एकदम डोक्यात उतरलं. रात्री मी काटा फिरवला. सकाळी आंघोळीहून आले तेव्हा घड्याळ मी ठेवलं तिथे नव्हतं, ह्यांच्या रुमालावर होतं. चावी दिलेलं. म्हणजे ह्यांनीही फिरवला. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

टॅक्सी मिळायला पाच मिनिटं गेली. चालकाला मी फक्त कार्ड दाखवलं, त्याने काही न विचारता गाडी सोडली. रस्ता एकच, वळणावळणाचा, आणि पुढे मुंगीच्या पावलांनी सरकणारे मालाचे ट्रक. प्रत्येक वळणावर खाली जहाज दिसायचं, पांढरं, जागच्या जागी, आणि मी मनात म्हणायचे, थांब. आयुष्यात किती लोकांनी माझ्या खिडकीशी येऊन हात जोडले असतील, बाई दोनच मिनिटं, माझी म्हातारी मागून येतेय. मी कोणासाठी गाडी थांबवली नव्हती.

आणि खोटं का बोलू, भीतीच्या वर राग होता. तळपायाची आग मस्तकात गेली होती. काय गरज होती न विचारता हात लावायची? डबी पाडली ती पाडली, वर घड्याळही? मी ओठात वाक्यं जुळवत होते. भेटल्या भेटल्या काय काय ऐकवायचं ते सगळं तयार होतं, एकाहून एक धारदार.

बंदराच्या फाटकापाशी ट्रकांची रांग लागलेली. मी टॅक्सी सोडली आणि धावले. ह्या वयात, ह्या गुडघ्यांनी. फाटकावरच्या शिपायाने कार्ड पाहिलं आणि आधी घड्याळाकडे, मग माझ्याकडे पाहून हात हलवला, पळ. गोदामांच्या मधून धक्क्यावर आले तेव्हा पाच वाजून पंधरा मिनिटं झाली होती. शिडी नव्हती. दोर सुटले होते. जहाज आणि धक्का यांच्यामध्ये पाणी दिसत होतं, दोन खोल्यांएवढं, आणि ते हळूहळू वाढत होतं.

धक्क्यावर पिवळ्या जाकिटातला एक माणूस उभा होता, हातात पाकीट. तो जहाजाचा बंदरावरचा माणूस, ज्याचा नंबर टेबलावर राहिलेल्या त्या कागदावर होता. पाकिटात माझं पारपत्र होतं. परत आलेल्यांत माझ्या कार्डाची नोंद नाही म्हटल्यावर त्यांनी तिजोरीतून ते काढून खाली पाठवलं होतं. माझ्यासारखंच मोडकंतोडकं इंग्रजी त्याला येत होतं. त्याने सांगितलं की कप्तानाने दहा मिनिटं जादा थांबवलं, त्यापुढे जागा दुसऱ्या जहाजाला द्यायची होती.

मी विचारलं, माझे यजमान कुठे आहेत? त्यांना का उतरवलं नाही?

त्याने वर बोट केलं. अगदी वरच्या मजल्यावर, बचावाच्या होडीशेजारी, कठड्याला धरून ते उभे होते. तो सांगू लागला. साडेचारपासून जहाजभर भोंग्यावर आम्हा दोघांची नावं पुकारत होते. केबिन उघडून पाहिली तर रिकामी. हे वर उभे होते, गावातून उतरणाऱ्या रस्त्याकडे डोळे लावून, आणि मशीन केबिनमध्ये डबीत होतं. पुकारलेलं एक अक्षर त्यांना ऐकू गेलं नाही. सापडले तेव्हा शिडी निघाली होती.

मग तो माणूस जरा घुटमळला. म्हणाला, आजोबा दुपारपासून तीनदा रिसेप्शनवर गेले होते म्हणे. एक कागद दाखवायचे, त्यावरच्या पेनाच्या खुणेवर बोट ठेवायचे, मनगटावर टिचक्या मारायचे आणि बाहेर गावाकडे हात करायचे. ह्यांना इंग्रजी बोलता येत नाही, कोणाला काही कळेना. पोरांना वाटलं, आजोबांना वेळ हवी आहे. तिसऱ्या वेळी रिसेप्शनवरच्या मुलीने त्यांच्या हातातलं घड्याळ मागून घेतलं, बरोबर वेळ लावून परत दिलं आणि हसून टाटा केलं.

म्हणजे त्यांना कळलं होतं. मी गेल्यावर कागद हातात घेतला असेल, माझी खूण दिसली असेल, आणि घड्याळजी माणूस, त्याला हिशेब करायला किती वेळ लागतो. दुपारपासून ते एकटे ते घेऊन बसले होते. मी बाकड्यावर स्वतःच्या हुशारीवर खूश होते तेव्हा ते तिकडे माणसांपुढे मनगट नाचवत होते. त्यांनी मला पाहिलं असावं, कारण वर त्यांनी हात उचलला आणि स्वतःच्या कपाळावर मारला. मग पुन्हा मारला. पुन्हा. शेजारच्या खलाशाने त्यांचा हात धरला.

टॅक्सीत जुळवलेल्या वाक्यांतलं एकही मला आठवेना.

मी त्या माणसाला पुडकं दाखवलं. म्हणाले, हे औषध आत्ता जहाजावर गेलं पाहिजे, नाहीतर तो माणूस सहा दिवस काढणार नाही. त्याने औषध पाहिलं, कार्ड पाहिलं, आणि खिशातला वॉकीटॉकी काढला. बंदरातून जहाज बाहेर काढायला इथलाच एक वाटाड्या वर चढलेला असतो. जहाज खोल पाण्यात गेलं की त्याला परत आणायला एक छोटी बोट जाते. ती बोट अजून पायऱ्यांशी होती. तो कप्तानाशी बोलला, डॉक्टरशी बोलला, मग मान हलवली. पुडकं जाईल. दोराने वर ओढून घेतील.

मी म्हणाले, मीही जाते. शिडी टाका, चढते.

त्याने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. चालत्या जहाजावर दोराच्या शिडीने दोन मजले, म्हणाला, आमचे तरणे लोक पडलेत. मी भांडले. खूप भांडले. बोटवाल्याने इंजिन सुरू केलं आणि हाताने खुणावलं, काय पाठवायचं ते आत्ता द्या.

ह्यांनी जन्मात एक गोळी स्वतःच्या हाताने घेतलेली नव्हती. मीच द्यायचे, तळहातावर ठेवून, पाण्याच्या पेल्यासकट. मी त्या माणसाकडून पेन घेतलं आणि औषधाच्या कागदी पिशवीवर लिहायला लागले. रात्री आठला एक, सकाळी आठला एक. खाऊन मग. रोज डॉक्टरसमोर घ्या. मशीन कानात ठेवा, रात्रीसुद्धा. मी विमानाने पुढच्या बंदरावर येते.

एवढ्यावर खरं तर काम झालं होतं. बोटवाला हात पुढे करून उभा होता. मी वर पाहिलं. ते तसेच उभे होते, आता हात कठड्यावर आणि डोकं हातावर. औषध पोचलं तरी ह्या हृदयाचं काय? सहा दिवस हा माणूस पाण्यावर एकटा, न ऐकणारा, कोणाशी बोलता न येणारा, आणि डोक्यात एकच. माझ्या हातून एक गोष्ट धड होत नाही.

मी खाली लिहिलं, "कागदावर खूण केली, पण घड्याळ मी फिरवलंच नव्हतं. रागात राहून गेलं. तुम्ही लावलेली वेळ बरोबर होती. मी औषधाच्या दुकानात बाकड्यावर झोपले. चूक माझी."

अठ्ठावीस वर्षांत कधी न केलेली खोटी नोंद केली आणि पिशवी दिली. चपलाही दिल्या. बोट गेली.

पुढचा पाऊण तास मी त्या पायऱ्यांवर बसून होते. जहाज वळलं, बाहेर पडलं, बोट त्याच्या कुशीला लागली ती ठिपक्याएवढी दिसली. मग काहीच दिसेना. पिवळ्या जाकिटातला माणूस माझ्याजवळून हलला नाही, घरी जायची वेळ झालेली असून. शेवटी त्याचा वॉकीटॉकी खरखरला. मग त्याने शब्द शोधत सांगितलं. पुडकं मिळालं. आजोबा दवाखान्यात आहेत, आले तेव्हा नाडी फार पळत होती. त्यांनी पिशवीवरचं वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आणि मग हसले. एवढे हसले की नर्स घाबरली. आता नाडी उतरतेय, चहा मागितलाय.

मी पदर तोंडाला लावला आणि रडले. त्या परक्या माणसासमोर, मोठ्याने, काही लाज न बाळगता.

दोन विमानं बदलून सहाव्या दिवशी मी पुढच्या बंदरावर शिडीच्या तोंडाशी उभी होते, जहाज लागायच्या तीन तास आधीपासून. हे उतरले, नव्या चपला घालून, कानात मशीन. डॉक्टर स्वतः हात धरून आणत होता. गोळ्यांची एकही वेळ चुकली नव्हती. माझ्यासमोर येऊन उभे राहिले, वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि म्हणाले, "झोप झाली का पुरती?"

मी म्हणाले, झाली.

आता आमच्या घरी कोणीही येऊ दे, नातेवाईक असो की डेपोतली जुनी माणसं, हे त्यांना ती गोष्ट सांगतात. अगदी रंगवून. मिनिटबाई बाकड्यावर कशा घोरत पडल्या आणि जहाज भोंगा वाजवून कसं निघून गेलं. मागच्या महिन्यात डेपोतला एक चालक आला होता. कामावर डुलकी काढली म्हणून त्याला मी एकदा चार दिवस घरी बसवलं होतं. तो तर डोळे पुसून पुसून हसला. हेही हसतात, अंग गदगदा हलेपर्यंत, आणि हसता हसता माझ्याकडे बघतात.

मी सांगते, बाकडं मऊ होतं हो, आणि वारा छान येत होता, कधी डोळा लागला कळलंच नाही.